वेगळा पेला व बंद खिडकी

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत सेवा करणारे आमचे उपदेशक बंधू एक प्रश्न वारंवार विचारितात. क्षयाने अंथरुणास खिळलेल्या एखाद्या भावाच्या घरी प्रार्थनेस जाताना तोंडास फडके बांधावे की नाही? बांधले तर विश्वास उणा दिसतो; न बांधले तर आपल्या घरीही लेकरेबाळे आहेत. ह्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे. तो सहसा कोणी उघड बोलून दाखवीत नाही, पण अधिक बोचतो तो तोच. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या वाडवडिलांनी दूर उभे राहून ओंजळीत वरून ओतलेले पाणी घेतले आहे. चहाच्या दुकानात त्यांच्याकरिता निराळा पेला बाहेर ठेविलेला असे. अशा घरातील रोग्यापुढे कोणी तोंड झाकून चार हात अंतरावर बसले, म्हणजे त्याच्या मनात काय येईल ते सांगावयास नको. तेव्हा रुग्णसेवेतील सावधगिरी हे जुन्या विटाळाचेच नवे रूप आहे काय, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

विश्वासाविषयीची शंका आधी घेऊ, कारण तिचे उत्तर सोपे आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकावी, देवदूत झेलतील, अशी सूचना आपल्या प्रभूस कोणी केली हे आपण जाणतो, आणि प्रभूने ती मानली नाही हेही जाणतो. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्यास धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे. तो कठडा घरधन्याच्या भित्रेपणासाठी नव्हे. दुसरा कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येऊ नये म्हणून आहे. कठडा बांधणाऱ्यास अविश्वासू म्हटल्याचे शास्त्रात कोठे आढळत नाही.

आपल्या सुधारलेल्या मंडळीच्या इतिहासातही हा प्रश्न एकदा फार तीव्रतेने उभा राहिला होता. १५२७ साली विटेनबर्ग नगरात प्लेग आला. तेथील विद्यापीठ दुसऱ्या गावी हलविण्यात आले, परंतु मार्टिन ल्यूथर गेला नाही. आपल्या घरातच त्याने रोग्यांस ठेवून घेतले. त्याच वर्षी, प्राणघातक साथीपासून पळून जावे की नाही, ह्या विषयावर त्याने एक पत्र लिहून छापविले. मेंढपाळाने व ज्यांच्यावर इतरांचा भार आहे अशांनी आपली जागा सोडू नये, असे त्याने निक्षून सांगितले. परंतु त्याच पत्रात त्याने दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही खडसावले आहे. औषध तुच्छ मानणारे, जेथे आपले काही काम नाही तेथेही धीटपणा मिरविण्यास जाणारे, हे देवाची परीक्षा पाहतात; आणि ज्याच्या निष्काळजीपणामुळे रोग शेजाऱ्यास लागतो तो त्या मरणाचा दोषी होतो, असे त्याचे म्हणणे होते. प्लेगाचा जंतू त्यानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी, १८९४ साली सापडला. जंतू ठाऊक नसताना ल्यूथरने हे ओळखले. आपणांस तर तो ठाऊक आहे. शिवाय उपदेशकाची गोष्ट विशेष आहे. तो एकाच घरी जात नाही. आठवड्यात दहा घरी जातो. त्याने बांधलेले फडके अकराव्या घरच्या तान्ह्या मुलासाठी असते.

आता विटाळाचा प्रश्न. तो कठीण आहे, आणि केवळ मनाच्या समाधानाने सुटणारा नाही. रोग कसा पसरतो हे पाहिल्यावाचून तो उकलत नाही. फुप्फुसाच्या क्षयाचे जंतू रोगी खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा हवेत जातात, आणि कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. ताटवाटीने, पेल्याने, अंथरुणास हात लावल्याने किंवा हातात हात दिल्याने तो रोग लागत नाही. असे असूनही आमच्या कित्येक ख्रिस्ती घरांत काय चालते? क्षय झालेल्या सुनेचा पेला वेगळा, ताट वेगळे, तिला चुलीजवळ मज्जाव. आणि वारा बाधेल म्हणून तिच्या खोलीची खिडकी मात्र घट्ट बंद! ज्याने रोग पसरत नाही ते सर्व काही वेगळे केले, आणि ज्या हवेतून तो पसरतो ती हवा कोंडून धरली. लेकरे त्याच खोलीत निजतात. हिला सावधगिरी म्हणता येत नाही. वाडवडिलांवर जे लादले गेले तेच, नकळत, आपण आपल्या घरातील दुर्बळावर लादीत आहो. ज्या पेल्याने आपणांस दुखविले तोच पेला आपण उचलून सुनेपुढे ठेविला, हे लिहिताना आम्हांस खेद होतो.

खऱ्या सावधगिरीस शेवट असतो. रोग्यास योग्य औषधे सुरू झाली व ती लागू पडली, म्हणजे बहुधा काही आठवड्यांतच त्याच्यापासून दुसऱ्यास होणारे भय पुष्कळ कमी होते. साधारणतः सहा महिने औषध न चुकता घेतल्यास रोगी बरा होतो. विटाळास असा शेवट कधीच नव्हता, कारण तो शरीरात नव्हताच. लेवीयांच्या पुस्तकात कोड्यास छावणीबाहेर ठेवण्याचा नियम आहे तो सर्वांस पाठ असतो. पण पुढच्याच अध्यायात, याजकाने स्वतः छावणीबाहेर जाऊन त्यास तपासावे आणि बरा झाला असल्यास शुद्ध ठरवून परत आत घ्यावे, असे सविस्तर सांगितले आहे. ते फार थोडे लोक वाचतात. महारोगावर आज खात्रीचे औषध आहे. तरी तो बरा झालेला मनुष्य उपासनेत दाराशी वेगळा बसलेला दिसतो, तेव्हा त्या मंडळीचा याजक छावणीबाहेर गेलाच नाही असे समजावे.

आणखी एक भेद आहे. विटाळ म्हणतो, तू अशुद्ध आहेस. आरोग्यशास्त्र म्हणते, कदाचित मीच अशुद्ध असेन. १८४७ साली व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने पाहिले की, ज्या विभागात डॉक्टर व विद्यार्थी बाळंतपणे करितात तेथे बाळंतिणी तापाने फार मरतात. ही मंडळी प्रेते चिरून तशीच प्रसूतीच्या खोलीत येत असत. त्याने क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. पूर्वी शंभरांत दहाहून अधिक बाळंतिणी दगावत, त्या पुढच्या वर्षी एक-दोनांवर आल्या. तरी पुष्कळ मोठ्या डॉक्टरांस हे रुचले नाही. सभ्य गृहस्थाचे हात मरण वाहून नेतात, हे ऐकून घेण्यास नम्रता लागते. आजही नर्स प्रत्येक रोग्याचे रक्त काढताना हातमोजे घालते. पाटलासाठीही घालते आणि मजुरासाठीही. कोणाच्या रक्तात काय आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही, म्हणून सर्वांस एकच नियम. अस्पृश्यतेस असा नियम कधी सोसला नसता.

ह्या ठिकाणी कोणी म्हणेल, मग आत्मत्याग कोठे राहिला? १८९७ साली पुण्यात प्लेगाने थैमान घातले असता सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची सेवा केली, आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचे प्राण घेतले. त्या ख्रिस्ती नव्हत्या. तथापि एपफ्रदीतास ज्या अर्थाने प्राण पणास लावणारा म्हटले आहे तो अर्थ त्यांच्या जीवनात आम्हांस दिसतो. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे त्यानंतरच्या वर्षी कळले. त्यांच्यापाशी त्यापासून वाचण्याचे साधन नव्हते. साधन नसता सेवा न सोडणे हा त्याग होय. साधन असता ते न देणे ह्यास आम्ही दुसरे नाव देतो.

हे आम्ही मुद्दाम लिहितो. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ मुली नर्सा होऊन दूरच्या इस्पितळांत राबतात. सुई टोचून रक्तातून लागणाऱ्या काविळीचे भय त्यांस असते. त्यावर लस आहे. रात्रपाळीमागून रात्रपाळी करून त्यांचे शरीर व मन थकते. त्यावर विश्रांती आहे, आणि प्रभूनेही आपल्या थकलेल्या शिष्यांस एकान्ती नेले होते. जे चालक हातमोजे, लस व सुट्टी देत नाहीत आणि त्याऐवजी उपासनेत त्यागावर प्रवचन करितात, त्यांस ख्रिस्ती संस्था म्हणवून घेण्याचा अधिकार कितपत आहे? आणि मंडळीने तरी काय केले? २०२० साली करोनाच्या साथीत इस्पितळांतून परतणाऱ्या नर्सांस कित्येक ठिकाणी घरमालकांनी घर सोडण्यास सांगितले. अखेर सरकारास एप्रिल महिन्यात वटहुकूम काढून त्यांच्यावरील हल्ल्यांस कडक शिक्षा ठरवावी लागली. त्यासाठी जो साथरोग कायदा दुरुस्त केला तो १८९७ सालच्या त्याच प्लेगात झालेला होता.

तेव्हा उपदेशक बंधूंनी रोग्याच्या घरी अवश्य जावे. प्रथम खिडकी उघडावी, किंवा खाट अंगणात आणवून तेथेच बसावे. फडके बांधावयाचे तर ते का बांधितो हे रोग्यास आधी प्रेमाने सांगावे; खोकताना त्यानेही तोंड झाकावे अशी विनंती करावी. खोकला दोन आठवड्यांहून अधिक चालला असेल तर थुंकी तपासण्यास सरकारी दवाखान्यात न्यावे. तपासणी व औषधे तेथे मोफत मिळतात. घरातील लेकरांचीही तपासणी करवावी. आणि निघताना चहा पुढे आला, तर घरातील सर्वांस ज्या पेल्यातून दिला त्याच पेल्यातून रोग्यासही द्यावयास सांगून, मग आपला प्यावा.