हरलेला कृष्ण



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय 18

उन्हाळ्याचे दिवस. वृंदावनात गोपाळांचे खेळ रंगलेत. कुस्ती, झोके, पशुपक्ष्यांच्या नकला, सगळं चाललंय. मग दोन गट पडतात, एक कृष्णाचा, एक बलरामाचा. नियम साधा : हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला पाठीवर घेऊन जायचं. बलरामाचा गट जिंकतो, आणि प्रत्यक्ष भगवंत श्रीदाम्याला पाठुंगळी घेतात!

इथे मी दरवेळी थांबते. विश्वाचा भार वाहणारा गवळ्याच्या पोराला वाहतोय. का? तर खेळात तसं ठरलं होतं म्हणून.

त्याच खेळात गोपाळाचा वेष घेऊन प्रलंबासुर घुसलाय. त्याच्या पाठीवर बलराम आहे. पण उतरवायची जागा आली तरी तो थांबत नाही, पुढे पळत सुटतो. देव हरूनही नियम पाळतो, असुराला मर्यादाच मान्य नाही. वेष सारखाच होता. फरक कळला तो खेळताना.

परवा आमच्या गल्लीतल्या एका आईनं विचारलं, "ताई, पुढच्या वर्षी स्कॉलरशिप आहे. हिचं खो-खो बंद करू का?" मी म्हटलं, अगं, आधी मैदानावर येऊन बघ तरी! समोरून गडी पळतोय, पाय शिवशिवतायत, पण खो मिळाल्याशिवाय पोरीनं उठायचं नाही. उठल्यावर धरलेली दिशा मध्येच बदलायची नाही. आणि वेळ आली की खो देऊन आपली जागा सोडायची. संयम, निश्चय, त्याग... आपण पोथीत वाचतो, ती रोज संध्याकाळी अंगानं शिकतेय.

लेझीममध्ये एकाचा ठेका चुकला की अख्खी रांग बिघडते. नाटकात झाड झालेल्या मुलालाही शेवटपर्यंत उभं राहावं लागतं. हाही संस्कारच.

पण एक लक्षात ठेवू या. खेळत तर प्रलंबही होता! मूल हरून घरी आलं आणि आपण म्हणालो, "पंचांनीच घोळ केला," तर त्याला कुणाच्या वाटेनं पाठवलं?

आजचा संकल्प : मूल मैदानावरून आलं की "जिंकलास का?" हे नंतर. आधी विचारू, "आज कुणाला खो दिलास?"

हे गोपाळा, आमच्या लेकरांना जिंकायचं बळ दे, आणि हरल्यावर मित्रासाठी वाकणारी पाठही दे.

श्रीकृष्णार्पणमस्तु।