द्वारावतीची वाट

अनुसरलेल्या साधकाने कोठे असावे आणि कोठे जाऊ नये, याविषयी सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंची आज्ञा स्पष्ट आहे. कानडदेश व तेलंगदेश हे विषयबहुल, म्हणून तेथे जाऊ नये, महाराष्ट्रात असावे. मातापूर, कोल्हापूर यांसारखी साभिमानी देवतांची स्थानेही वर्ज्य सांगितली आहेत. तेव्हा शंका अशी उपस्थित होते की, ज्या मार्गात क्षेत्रांचा एवढा निषेध, त्याच मार्गातील भिक्षुक व वासनिक माहूरचा डोंगर का चढतात? आणि महाराष्ट्राची सीमा ओलांडून सौराष्ट्राच्या टोकास, समुद्रकाठच्या द्वारावतीस का जातात? हा आज्ञाभंग नव्हे काय?

शंका वरवरची नाही, आणि 'परंपरा आहे' एवढ्या उत्तराने ती टाळता येणार नाही.

समाधान असे की, वास करणे वेगळे आणि नमस्कारास जाणे वेगळे. शिवाय निषेध आहे तो देवतेच्या अभिमानस्थानाचा. ज्या भूमीस परमेश्वर अवताराच्या श्रीचरणांचा संबंध घडला त्या भूमीचा नव्हे. माहूरास रेणुकेचे देवालय आहे आणि देवदेवेश्वरही आहे. डोंगर एकच, चढणाऱ्यांची धाप एकच. भेद आहे तो चढणाऱ्याच्या हेतूत. तद्वत गोमतीच्या पाण्याने पाप झडते असे मार्ग मानीत नाही. असन्निधानी स्थान, प्रसाद, भिक्षुक, वासनिक ही चार साधने दिली, त्यांपैकी पहिले स्थान. तेथे साधक पुण्य मिळविण्यास जात नाही, स्मरण करण्यास जातो.

ही वाट श्रीचक्रपाणी प्रभूंची आहे. फलटणचे जनकनायक व जनकाइसा यांच्या पोटी त्यांचा अवतार. गृहस्थाश्रम मागे टाकून ते यात्रेकरूंबरोबर माहूरास गेले. तेथे श्रीदत्तात्रेय प्रभूंनी वाघाच्या रूपाने येऊन त्यांच्या मस्तकी चवडा ठेवला. तेथून ते द्वारावतीस गेले. माहूर ते द्वारावती हे अंतर पायी हजार किलोमीटरांहून अधिक भरते.

आज जो साधक ही वाट चालू लागेल त्याच्या पायाखाली प्रथम वऱ्हाडची काळी जमीन येते, दोहीं बाजूंस कापूस आणि तूर. पुढे तापीचे खोरे, केळीच्या बागा. भिक्षेच्या झोळीत ज्वारीची भाकरी येते ती हळूहळू बाजरीचा रोटला होते, आणि 'भिक्षा' हा शब्द समजणारी दारेही विरळ होत जातात. भडोचला नर्मदा रुंद होऊन मिळते. त्यानंतर खंबायतच्या आखातास वळसा. किनारा जवळ आला की विहिरीचे पाणी मचूळ लागते. मिठागरांच्या मुलखात तर गोडे पाणी मागूनच घ्यावे लागते. धान्य झोळीत साठविता येईल, पाणी किती साठविणार? अटन का सांगितले, याचा उलगडा येथे होतो. अटन म्हणजे केवळ फिरणे नव्हे. आपला गाव, आपली ओळख, आपल्या आवडीचे घर या आश्रयांवाचून राहणे म्हणजे अटन. ते ग्रंथ वाचून जेवढे कळते त्याहून अधिक परमुलखातील एका तांब्याभर पाण्याने कळते.

आता रेल्वे द्वारकेच्या दारापर्यंत जाते. बेटाकडे जाण्यास पूर्वी ओख्याहून नाव करावी लागे, तेथेही २०२४ साली पूल झाला. वृद्धांनी व अशक्तांनी वाहनाने जावे, यात दोष नाही. स्थानाचा नमस्कार त्यांना तेवढाच घडतो. धडधाकट साधकाने मात्र एवढे ओळखावे की वाहनाने स्थान गाठता येते, अटन घडत नाही. पण चालणाऱ्याचा धोका त्याहून मोठा आहे. तो परत येऊन मुक्काम मोजतो, पायाचे फोड दाखवितो आणि गाडीने आलेल्याकडे करुणेने पाहतो. साभिमानी देवतेचे स्थान टाळले आणि अभिमान खांद्यावर वाहून आणला, तर त्याने आज्ञा कोठली पाळली?

अशा वेळी श्रीचक्रपाणी प्रभूंनी द्वारावतीस पोचून काय केले ते पाहावे. त्यांनी मठ बांधला नाही. हाती खराटा व सूप घेतले. ते द्वारावतीच्या वाटा झाडीत, केर सुपात भरीत आणि गोमतीत नेऊन टाकीत. त्याच सूप-खराट्याने बावन्न पुरुषांस विद्यादान केले, हे मार्गात सर्वश्रुत आहे. परंतु विद्या घेणारे आले नाहीत त्या दिवशीही झाडणे होतेच. झाडलेल्या वाटेवरून कोण जाणार, भक्त की व्यापारी, पायी आलेला की घोड्यावरून आलेला, याची निवड प्रभूंनी केली नाही.

द्वारावतीची गोमती ही समुद्राच्या तोंडाशी आहे. ओहोटीस तिचे पात्र चिखलापर्यंत उघडे पडते, भरतीस पाणी घाटाच्या पायऱ्यांना लागते. सुपातला केर ते पाणी घेऊन जाई. दुसऱ्या दिवशी वाटेवर नवा केर असे, नवे यात्रेकरू असत, आणि प्रभू पुन्हा खराटा घेत.