लुकणाखालचें लांकूड

जें व्यंग कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, आणि ज्यापासून कदाचित् कोणास अपायही होणार नाहीं, तें आपण होऊन सांगणें हें ख्रिस्ती मनुष्याचें कर्तव्य आहे काय? हा प्रश्न उपदेशकांच्या एका वर्गांत आम्हांस विचारण्यांत आला होता, व त्याचें उत्तर आम्हीं मोठ्या तत्परतेनें दिलें. पुढें एका जुन्या मासेमारी होडीनें तोच प्रश्न पुन्हां विचारला. तेव्हां मात्र उत्तर देण्यास आम्हांस नऊ दिवस लागले.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण घाटावरचे आहेत, म्हणून थोडें सविस्तर सांगतों. रत्नागिरी जिल्ह्यांत किनाऱ्यावरच्या एका मंडळीची सेवा आम्ही करीत होतों. तेथील एका विधवा भगिनीच्या पतीची होडी चार पावसाळे माडांखालीं उघडी पडून होती. लांबी सुमारें १६ हात. मुलगा १९ वर्षांचा झाला होता व दुसऱ्याच्या होडीवर मजुरीनें जात होता. हल्लीं किनाऱ्यावर फायबरच्या होड्या फार झाल्या आहेत, लांकडी होडी बांधणारे मेस्त्री थोडेच उरले आहेत. आणि नवी होडी घेण्याचें सामर्थ्य त्या घरांत नव्हतें. तेव्हां मंडळींतले दोन तरुण व आम्ही अशा तिघांनीं उन्हाळ्यांत ती दुरुस्त करण्याचें अंगावर घेतलें. तिघांपैकीं एकानेंही पूर्वीं रंधा हातीं धरला नव्हता. आमचा प्रभु सुतार होता, एवढेंच काय तें आमचें भांडवल!

नवख्याचा समज असा असतो कीं होडीस समुद्राचें पाणी खातें. वस्तुतः खाऱ्या पाण्यांत लांकूड सहसा कुजत नाहीं. त्यास कुजवितें तें पावसाचें गोडें पाणी. होडीच्या आंत मनुष्याच्या बरगड्यांसारखीं वांकडीं लांकडें असतात, व त्यांस बाहेरून फळ्या ठोकलेल्या असतात. पाऊस वरच्या काठावर पडतो, पाणी सांध्यांतून झिरपतें, आणि बरगडी व फळी ह्यांच्यामध्यें, जेथें वारा लागत नाहीं, तेथें जाऊन बसतें. मग बुरशी आपलें काम करिते. समुद्राकडून भय आहे तें निराळें. त्यांत लांकूड पोखरणारा एक प्राणी असतो. लोक त्यास किडा म्हणतात, परंतु तो तिसऱ्या व शिंपले ह्यांच्या जातीचा आहे. तो लहान असतां टाचणीच्या डोक्याएवढ्या भोंकांतून आंत शिरतो, आणि आंतल्या आंत वाढत बोगदे करीत जातो. बाहेरून फळी धडधाकट दिसते. म्हणून होडी नुसत्या डोळ्यांनीं तपासीत नाहींत. दाभणानें टोंचून व ठोकून तपासतात. चांगल्या लांकडांत दाभण अडतें व ठोका खणखणीत येतो. कुजक्यांत दाभण शिरतें व आवाज बद्द येतो.

आमच्या तरुणांपैकीं एक फार उत्साही होता. जेथें काळा डाग दिसे तेथें "काढा ही फळी" म्हणे. दोन दिवसांत त्यानें तीन फळ्या उतरविल्या. चौथीस हात घालणार, तोंच गांवांतले एक वृद्ध मेस्त्री, जे रोज येऊन कांहीं न बोलतां सांवलींत बसत, ते उठले. त्यांनीं उतरविलेल्या फळीचा काळा भाग तासून दाखविला. खालीं सागाचें घट्ट, पिवळें लांकूड निघालें. लोखंडी खिळा गंजला म्हणजे भोंवतालचें लांकूड काळें पडतें, पण काळें तें सगळेंच कुजकें नसतें. "पाळकसाहेब, असलें लांकूड आतां बाजारांत मिळायचें नाहीं," एवढेंच ते म्हणाले. यहेज्केलाच्या २७ व्या अध्यायांत सोर नगराच्या जहाजांच्या भेगा बुजविण्याचें काम गबालच्या वडील व जाणत्या मनुष्यांकडे असल्याचें लिहिलें आहे, हें आम्हांस तेव्हां आठवलें. अगोदर आठवलें असतें तर तीन फळ्या वांचल्या असत्या.

नवीन बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबाकडे पाहतांनाही आमचे कित्येक उपदेशक ह्या तरुणासारखेंच करितात, हें येथें बोलून टाकतों. नांव जुनें, टाका. जात्यावरच्या ओव्यांची चाल जुनी, टाका. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां अभंगही टाकून दिला असता, तर आज आपल्या उपासनेंत आपण काय गायलें असतें?

सेमिनरींत असतां प्लूटार्कनें सांगितलेली थीसियसच्या जहाजाची गोष्ट आम्हीं वाचली होती. अथेन्सच्या लोकांनीं तें जहाज जपून ठेविलें. फळी कुजली कीं काढावी, नवी घालावी. मग जहाज तेंच राहिलें कीं दुसरें झालें, ह्याविषयीं तत्त्ववेत्ते वाद घालीत. काम करितां करितां आम्हीं ही गोष्ट मेस्त्रींस सांगितली. त्यांनीं विडी विझवून विचारलें, "त्या वाद घालणारांपैकीं कोणी त्यांत बसून दर्यावर जाणार होता का?" आम्ही हंसलों. हा प्रश्न आमच्यावर उलटेल असें तेव्हां वाटलें नाहीं.

मे महिना संपत आला. होडीच्या मागील बाजूस, तळच्या दुसऱ्या फळीवर, वीतभर जागा आम्हांस मऊ लागली. दाभण अर्धें बोट आंत गेलें. त्यावरच्या नव्या फळ्या बसवून झाल्या होत्या. सांध्यांत तेलाचा कापूस ठोकून झाला होता. ती फळी काढणें म्हणजे पंधरा दिवसांचें काम उकलणें, आणि पाऊस तर दारांत आलेला. तरुण जेवावयास गेले होते. आम्हीं राळ व तेल ह्यांचें लुकण त्या जागीं दाबून भरलें, वाळल्यावर घासलें, आणि वरून रंग दिला. कबूल करण्यास लाज वाटते, पण सबंध होडींत आमच्या हातची सर्वांत सुबक जागा तीच होती.

मनानें ताबडतोब आमचें वकीलपत्र घेतलें. जागा लहान आहे. लुकणानेंही पाणी थांबतें. मुलगा किनाऱ्याजवळच जाणार. आपण नवखे, आपणांस मऊ वाटलें तें कदाचित् तसें नसेलही. उगीच त्या बाईच्या जिवास घोर लावण्यांत प्रीति ती कोठें आहे? ह्यांतलें एकही वाक्य उघड खोटें नव्हतें, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. रविवारीं त्या भगिनीनें प्रार्थनेंत आमच्या हातांबद्दल देवाचे आभार मानले. आम्हांस "आमेन" म्हणवेना.

त्या आठवड्यांत आमचें वाचन लेवीय पुस्तकांत चाललें होतें. १४ वा अध्याय पुष्कळजण भराभर वाचून टाकतात. आम्हीही टाकीत असूं. घरास महारोगाचा चट्टा पडल्यास काय करावें हें तेथें सांगितलें आहे. मालकानें स्वतः निकाल करावयाचा नाहीं. घरांत आपणांस चट्ट्यासारखें कांहीं दिसतें, एवढेंच त्यानें याजकाकडे जाऊन सांगावयाचें. याजक घर रिकामें करवितो, पाहतो, सात दिवस बंद ठेवितो, पुन्हां पाहतो. चट्टा पसरला असल्यास तेवढेच दगड काढवून दुसरे बसवितो व नवा गिलावा करवितो. त्यानंतरही तो उठला, तरच घर पाडावयाचें. पाडण्याची घाई नाहीं, हें आमच्या उत्साही तरुणानें लक्षांत घ्यावें. पण आम्हांस दुसरेंच शब्द लागले. मालकास खात्री नसतांही सांगणें भाग आहे. ज्या अनिश्चितपणास आम्हीं आपली सबब केली होती, तोच तेथें सांगण्याचें कारण आहे.

नवव्या दिवशीं आम्हीं मेस्त्रींस ती जागा दाखविली. त्यांनीं लुकण खरवडून दाभण लाविलें. तें मुठीपर्यंत गेलें. फळीमागच्या बरगडीचें टोंकही गेलेलें होतें. मग त्यांनीं आम्हांस भय वाटणाऱ्या दुसऱ्या दोन जागा ठोकून पाहिल्या व "हें कांहीं नाहीं" म्हणाले. त्या दोन जागांनींही आमची झोंप घेतली होती, आणि तीं लांकडें अगदीं निकोप होतीं.

मेस्त्रींस सांगणें सोपें होतें. त्या बाईस सांगणें कठीण गेलें. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पाळकसाहेब, माझ्या आधीं पोराला सांगायचं होतंत. बसणार तो."

कोणी विचारील, बरगडी चांगली निघाली असती, तर सांगणें व्यर्थ गेलें नसतें काय? आमचें मत असें झालें आहे कीं नसतें गेलें. समुद्रावर जाणारा मनुष्य रोज आपला जीव धोक्यांत घालतो, व तसें करण्यास तो मोकळा आहे. परंतु जो धोका त्यास ठाऊकच नाहीं तो त्यानें पत्करिला असें होत नाहीं. आम्हीं लुकण भरलें तेव्हां त्याच्या जिवाची निवड आम्हींच करून टाकिली, आणि तो तर समोर माडावर चढून आमच्यासाठीं शहाळीं काढीत होता. मंडळीच्या वर्गणींतून अडचणीस पैसे घेऊन महिनाअखेर परत ठेवणाऱ्या उपदेशकाचीही गोष्ट हीच. हिशेब जुळला, कोणाचें कांहीं गेलें नाहीं, हें खरें; परंतु पैसे परत न येण्याचा धोका महिनाभर ज्यांनीं वाहिला, त्यांस कोणीं विचारिलें होतें? प्रत्येक व्यंग चावडीवर ओरडून सांगावें असा ह्याचा अर्थ नव्हे. तो निराळाच रोग आहे, आणि त्यांत पुष्कळदां दुसऱ्याचीच अब्रू जाते. होडींत जो बसणार आहे त्यास सांगावें.

पुढचें काम झाप बांधून, भर पावसांत, मेस्त्रींच्या हाताखालीं झालें. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यांत सोडली. कोरडें लांकूड फुगून सांधे मिळेपर्यंत होडी गळतेच. पहिले दोन दिवस आम्ही पाणी उपसत बसलों. तेव्हां त्या मुलानें ती जागा पुन्हां दाखवा म्हणून सांगितलें. त्यानें आंतून बरगडीवर चाकूनें एक लहान फुली कोरली. दर वर्षीं होडी वर ओढली म्हणजे तो दाभण पहिल्यानें तेथें लावितो.