बालवीराचा बिल्ला

पनवेलीसारख्या गांवांत जुने वाडे उतरूं लागले, कीं माळ्यावरच्या पेट्या उघडाव्या लागतात. अशा एखाद्या पेटींतून आजोबांचा बालवीर-पथकांतील पितळी बिल्ला निघाला, तर घरांत कौतुक होतें. पण लागलीच एक अवघड प्रश्नही उभा राहतो. त्या काळच्या बालवीराच्या प्रतिज्ञेंत ईश्वराबरोबर राजाविषयींचें कर्तव्यही असे. वासुदेव बळवंतांचें शिरढोण तर येथून जवळच. चिरनेरचा जंगल-सत्याग्रह १९३० सालीं याच मुलखांत झाला. मग आपले आजोबा कोणाच्या बाजूचे, असें नातवंडें विचारतात, आणि बिल्ला पुन्हां पेटींत जातो.

आमच्या मतें हा निवाडा फार घाईचा आहे. प्रथम बिल्ला कोणत्या संस्थेचा, हें पाहावें. १९०९ सालीं ही चळवळ हिंदुस्थानांत आली, तेव्हां हिंदी मुलांना तिचीं दारें बंद होतीं. म्हणून १९१६ सालीं अॅनी बेझंटबाईंनीं मद्रासेस निराळी संस्था काढली व मुलांच्या डोक्यावर फेटा चढविला. पंडित मालवीय, कुंझरू व बाजपेयी यांनीं अलाहाबादेस सेवासमितीचीं पथकें उभारलीं. बेझंटबाईंची संस्था १९२१ सालीं मूळ संस्थेस मिळाली. सेवासमिति मिळाली नाहीं. पुढें खुद्द बेडन-पॉवेल यांनीं हिंदी लोकांच्या शीलाविषयीं काढलेल्या उद्गारांवरून वाद माजला व १९३८ सालीं हिंदुस्थान स्काउट असोसिएशन निघाली. ऐक्य झालें तें १९५० मध्यें. तेव्हां एवढ्याशा पितळेमागें किती निरनिराळीं मनें असूं शकतील!

आणि बिल्ला राजनिष्ठ संस्थेचा ठरला, तरी काय? बारा वर्षांच्या मुलानें शिक्षकांमागून उच्चारलेली प्रतिज्ञा त्याच्या साऱ्या आयुष्याची साक्ष कशी मानावी? त्यानें कदाचित् दोराच्या गांठी आणि जखमेवरची पट्टी एवढेंच मनापासून घेतलें असेल. मागाहून आलेला अर्थ आधींच्या वस्तूवर लादण्याची आम्हां सर्वांना खोडच आहे. या चळवळींत १९११ पासून दिल्या जाणाऱ्या आभार-पदकावर स्वस्तिक होतें. नाझींनीं तें बळकावल्यामुळें १९३५ सालीं तें काढावें लागलें. आज असें पदक हातीं आलें, तर आपल्याच उंबरठ्यावरचें चिन्ह पाहून आपण दचकूं.

उलट बाजूचा मोह मात्र आम्हांस अधिक वाईट वाटतो. तो म्हणजे आजोबांना बळेंच देशभक्त ठरविण्याचा. बिल्ला कोणत्या पेटींत, कशाबरोबर सांपडला, तें चिठीवर लिहावें. शाळेच्या जुन्या छायाचित्रांत गळ्याभोंवतीं रुमाल दिसतो का, पाहावें. पुरावा संपेल तेथें चिठी कोरी ठेवावी.