सामाहानी

नेरूळच्या एका फ्लॅटमध्ये दर शनिवारी संध्याकाळी आमच्या मंडळीतले दहाजण जमतात. केनियाला मिशनसाठी जायचंय, बारा दिवस. हॉलच्या कोपऱ्यात बॅगा, टांगता वजनकाटा आणि एकसारख्या टी-शर्टांचा गठ्ठा. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यायची, दाखला नसेल तर परतल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात बसावं लागतं, हे पोरांना तोंडपाठ झालंय. एक मूक नाटुकलीही बसवलीय. भाषेची अडचण नको म्हणून.

मला खटकलं ते एवढंच. मूक नाटुकलीला समोरच्याला उत्तर देता येत नाही. आपण दाखवायचं, त्यांनी टाळ्या वाजवायच्या, मग फोटो. सुवार्ता सांगायची तर ऐकणाऱ्याला ‘मला हे पटत नाही’ म्हणायचीही सोय हवी, आणि ती सोय त्याच्या भाषेतच असते.

हे आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना कोणी शिकवायला नको. आम्ही जाणारे आत्ता झालो. आमच्याकडे लोक आले त्याला शतकं लोटली. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात उतरले आणि त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं 1616 मध्ये. मधल्या सदतीस वर्षांत या इंग्रज माणसाच्या अंगी ओवी मुरली. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत पोचले तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत धाडायला निघालं होतं. ते राहिले, मराठी शिकले, आणि 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनं गेले. तेरा वर्षं. आमचे बारा दिवस.

त्या काळच्या मिशनऱ्यांनी इथल्या देवाधर्मावर जे लिहिलं, त्यातलं पुष्कळसं आज मला वाचवत नाही. पण ते मराठीत भांडत होते, म्हणून त्यांना मराठीत झोडपताही येत होतं. 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी त्यांच्याशी जाहीर वाद घालत आणि लोक गर्दी करून ऐकत. आमच्या नाटुकलीशी कोण कसा वाद घालणार?

आपल्या मातीतून बाहेर गेलेल्यांचंही उदाहरण आहे. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया व्यापारासाठी फिरले, मनिलात फ्रान्सिस्कन झाले आणि 1593 मध्ये जपानला गेले ते दुभाषी म्हणून. त्यांना जपानी येत होतं. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत त्यांना क्रुसावर चढवलं. 1862 मध्ये ते संत घोषित झाले. वसईत त्यांचं हौतात्म्य सगळ्यांना ठाऊक असतं, दुभाषेपण फारसं कोणी सांगत नाही.

“काका, बारा दिवसांत भाषा कशी येणार?” गटातली एक मुलगी म्हणाली. बरोबर आहे, नाही येणार. मग त्याला मिशन म्हणू नका, भेट म्हणा. केनियात पाचांतल्या चारांहून अधिक लोक ख्रिस्ती आहेत. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण शेकडा एकही पुरते भरलो नाही. कोणी कोणाला काय सांगायचं, हे जरा तपासून पाहा. पाहुणा म्हणून गेलात तर निदान त्यांच्या उपासनेत मागच्या बाकावर बसून ऐकाल.

हे सगळ्यांना रुचलं असं नाही. नाटुकली राहिली. पण गेल्या शनिवारपासून शेवटचा अर्धा तास स्वाहिलीचा असतो. गारी म्हणजे गाडी, दुका म्हणजे दुकान, हेसाबु म्हणजे हिशेब, चहाला चाईच. पोरं हसायला लागली. गलबतांवरच्या व्यापाऱ्यांनी आपल्याआधी किती काय नेऊन ठेवलंय! वहीत ‘नमस्कार’, ‘धन्यवाद’, ‘देव तुमचं भलं करो’ उतरून झालं.

“आणि ‘माफ करा’?” त्याच मुलीनं विचारलं.

कोणाच्याच यादीत ते नव्हतं. एकानं मोबाइलमध्ये शोधलं, दोनदा मोठ्यानं वाचलं आणि तिनं वहीत सगळ्यात वर, नमस्काराच्याही आधी, लिहून घेतलं: सामाहानी.