कबुतरांचा न्याय

ग्रिम बंधूंच्या सिंड्रेलाकथेत जोडा बसावा म्हणून सावत्र आईच स्वतःच्या मुलीच्या हाती सुरी देते. राणीला पायी चालावं लागत नाही, मग अंगठा गेला तर काय बिघडलं? जोडा कसाबसा चढतो, पण पांढऱ्या मोज्यावर रक्त वर वर येत राहतं. १८१२च्या पहिल्या आवृत्तीत सावत्र बहिणींची शिक्षा एवढीच. लग्नाच्या दिवशी त्यांचे डोळे फोडणारी कबुतरं आली १८१९मध्ये. आणि त्याच आवृत्तीतून खाटीक-खाटीक खेळताना एक पोर दुसऱ्याचा गळा कापतं ती गोष्ट गळाली. म्हणजे संपादकांना क्रौर्याचं वावडं नव्हतं. त्याला फक्त न्यायाचं नाव हवं होतं.

कुणी म्हणेल, जुनं खेड्यातलं जगणंच निर्दय, कथेत तेच उतरलं. पण सात वर्षांत खेडी बदलली नव्हती, लेखणी बदलली होती. लोककथेतला देह कागदी, त्याला वेदना नसते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. बापाने हात तोडलेली ग्रिमकथेतली मुलगी मुकाट चालू लागते, पुढे तिला हात फुटतातही. मात्र फुटतात ते निष्पापाला. बहिणींचे डोळे गेले ते गेलेच. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७च्या कथेत सिंड्रेला याच बहिणींना क्षमा करून त्यांची लग्नं लावून देते. ग्रिमांची कबुतरं एक डोळा टोचतात चर्चमध्ये जाताना, दुसरा बाहेर पडताना. मधल्या वेळात आत प्रार्थना चालू असणार.