मूल घरातून निघण्याआधी

बालगृहात मूल दाखल होतं तेव्हा कागदावर एक तारीख पडते. कुणीतरी 1098वर फोन केलेला असतो, किंवा पोलिसांना ते रेल्वे फलाटावर सापडलेलं असतं. सापडल्यापासून 24 तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे उभं करायचं, चौकशी करायची, आदेश काढायचा, अशी कायद्याची रीत आहे. अनेकदा तर आईच त्याला हाताला धरून घेऊन येते. शासनाच्या लेखी मुलाची गोष्ट इथून सुरू होते. मला वाटतं, आपल्या बालसंरक्षणाच्या आराखड्यांचं दुखणं नेमकं इथेच आहे. खरी गोष्ट त्या तारखेच्या काही महिने आधी सुरू झालेली असते.

ते महिने डोळ्यांपुढे आणून बघा. नवरा गेलेला. सासरी जागा राहिलेली नाही, माहेरी भावाचा संसार. बाई मजुरीला जाते तेव्हा थोरली धाकट्याला सांभाळायला घरी थांबते, म्हणजे तिची शाळा बुडते. खोलीचं भाडं थकतं. मग ओळखीचं कुणीतरी सांगतं की अमक्या ठिकाणी जेवणखाण, कपडे, शाळा सगळं फुकट आहे. ती मुलांना तिथे नेते ती त्यांचं पोट भरावं म्हणून, नकोशी झाली म्हणून नाही. बालगृहांतल्या कितीतरी मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. त्या सगळ्यांना अनाथ समजून आखलेली योजना पहिल्या पायरीवरच चुकते.

कायद्याला हे कळलेलं आहे. 2015च्या बाल न्याय अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची मानली आहे आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय म्हटला आहे. पण व्यवहारात जो उपाय आधी हाताशी येतो तोच पहिला ठरतो. बालगृहात खाट आहे, स्वयंपाकघर चालू आहे, अधीक्षक हजर आहेत. आईला घरबसल्या मदत हवी असेल तर मात्र उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, बँक खातं, गृहभेटीचा अहवाल, समितीचा आदेश, आणि पुढे नूतनीकरण. प्रत्येक खेपेला तिचा एक रोज बुडतो. मूल संस्थेत ठेवणं तिला घरी ठेवण्यापेक्षा सोपं पडतं, ही गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते.

पैसा अजिबात नाही असं नाही. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये घरी राहणाऱ्या मुलासाठी महिना 4000 रुपये आहेत; त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात 72,000 आणि इतरत्र 96,000 रुपयांच्या आत हवं. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना जुनी आहे. तिची रक्कम 425वरून 1100वर आणि पुढे 2250वर गेली, हे फार चांगलं झालं. पण भाडं दर महिन्याला द्यावं लागतं. मदत वर्षाच्या शेवटी एकरकमी आली, तर तोवर घर मोडलेलं असतं.

वेळेवर मिळालेली मदत काय करू शकते हे मराठवाड्यातल्या हंगामी वसतिगृहांकडे पाहून कळतं. दिवाळीच्या आसपास बीडसारख्या जिल्ह्यातले आईबाप ऊसतोडीला निघतात. मुलं सोबत गेली तर कोपीवर राहायचं आणि शाळा सुटायची. त्याऐवजी गावातल्याच शाळेत दोन वेळचं जेवण मिळतं, आणि बरीच मुलं रात्री आजीपाशी झोपतात. आजी होतीच, सगळ्या नातवंडांच्या पोटाची सोय तिला एकटीला झेपत नव्हती, एवढाच प्रश्न होता. या वसतिगृहांचा दर्जा सगळीकडे सारखा नाही, त्यावर भांडायला जागा आहे. तरी घरात काय आहे आणि काय कमी पडतंय, हे आधी पाहून नेमकं तेवढं पुरवायचं, ही यामागची दृष्टी मला मोलाची वाटते.

उलटी बाजू रुमानियात दिसली. तिथे 1966 साली गर्भपातावर बंदी आली, गरीब घरांत न झेपणारी मुलं वाढली, आणि मुलांना सरकार अधिक चांगलं वाढवील असं सांगितलं गेलं. 1989मध्ये राजवट पडली तेव्हा एक लाखाहून जास्त मुलं संस्थांमध्ये होती, त्यांतल्या बहुतेकांचे पालक जिवंत होते. पुढे बुखारेस्टमध्ये 136 मुलांचा अभ्यास झाला. जी मुलं दोन वर्षांची व्हायच्या आत प्रतिपालक कुटुंबात गेली, त्यांची वाढ उशिरा गेलेल्यांपेक्षा पुष्कळ बाबतींत सावरली. 2004च्या कायद्याने तिथे दोन वर्षांखालच्या मुलांना, तीव्र अपंगत्वाचा अपवाद सोडता, संस्थेत ठेवायला मनाई केली.

असा बदल करताना काही वर्षं दुहेरी खर्च उचलावा लागतो, आणि आराखडे बहुधा इथेच अडतात. घरांना मदत सुरू केली म्हणून बालगृहं दुसऱ्या दिवशी रिकामी होत नाहीत. आत असलेल्या मुलांना जेवण, शिक्षण, प्रेम लागतंच. शिवाय अनुदान मुलांच्या संख्येवर ठरत असेल, तर रिकामी खाट संस्थेला तोट्याची वाटणार. अनुदानाचा हिशेब किती मुलं सुखरूप घरी परतली आणि तिथे टिकली यावर बसवायला हवा. वर्षानुवर्षं मुलांचं केलेल्या काळजीवाहक बायकांना कामावरून काढायचं कारण नाही. आईशी काय बोलावं हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्यांनाच गृहभेटींसाठी तयार करावं.

काही घरांत मुलाला मारहाण होते, लैंगिक अत्याचार होतात. तिथून मूल बाहेर काढलंच पाहिजे, आणि लगेच. पण त्यालाही शंभर खाटांच्या दालनापेक्षा एखादं घर हवं असतं. प्रतिपालकत्वाच्या 2024च्या नियमावलीने अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तींनाही हे दार उघडलं आहे. अशी घरं शोधायची, त्यातल्या माणसांना शिकवायचं, अडल्या वेळी त्यांच्या पाठीशी राहायचं, हे सगळं जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या मोजक्या माणसांच्या अंगावर पडतं. राष्ट्रीय आराखड्यातला पहिला वाढीव रुपया मी त्यांच्यासाठी मागेन: आणखी माणसं, त्यांना वेळेवर पगार, आणि गावोगाव फिरायला गाडी.